अनोळखी जुन्या फ्रेंच फाउंटन पेनाची ओळख कशी पटवावी

बायार, गोल्ड स्टारी, स्टीलोमीन, एडाकोटो, युनिक किंवा मेतेओर ही नावे कोरलेले जुने फ्रेंच पेन हाती आले, तर त्याची माहिती थोड्या शोधाने मिळते. खरा प्रश्न कधीही न ऐकलेल्या नावाच्या किंवा निनावी पेनांचा असतो. पहिल्या महायुद्धापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फ्रान्समध्ये लहान कारखानदार पुष्कळ होते, आणि त्यांतले अनेकजण गावोगावच्या कागद-लेखणीच्या दुकानांसाठी त्या दुकानांच्याच नावाने पेन घडवून देत. त्यामुळे पेनावरचे नाव हा सर्वांत दुबळा पुरावा मानावा, आणि घडण, छाप व साहित्य यांची साक्ष आधी घ्यावी.

सुरुवात स्वच्छतेपासून नव्हे, तर निरीक्षणापासून करावी. कापडाने जोरात घासल्यास दांडीवरची उथळ अक्षरे कायमची पुसली जातात. पेन काळ्या कागदावर ठेवून दिव्याचा उजेड जवळजवळ आडवा पाडावा आणि दांडी हळूहळू फिरवत दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहावी. दिसेल ते अक्षर जसेच्या तसे उतरवून घ्यावे, अर्धवट अक्षराच्या जागी अंदाज भरू नये. ‘ब्रव्हते’ (पेटंट घेतलेले) या शब्दापुढे एस. जी. डी. जी. ही चार अक्षरे असतील, तर त्यांचा अर्थ ‘सरकारच्या हमीशिवाय दिलेले पेटंट’ असा आहे. 1844 च्या कायद्याने ही सूचना छापणे बंधनकारक केले आणि 1968 च्या कायद्याने ती प्रथा संपली, म्हणून असे पेन त्यापूर्वीचे मानता येते. ‘देपोजे’ या शब्दावरून मात्र नाव किंवा आकार नोंदवलेला होता एवढेच कळते. पेटंटचा क्रमांक वाचता आला, तर तो एस्पासनेट या युरोपीय पेटंट संग्रहात एफ-आर ही अक्षरे जोडून शोधावा. कधीकधी तेथे मूळ आकृतीसुद्धा पाहायला मिळते.

यानंतर धातूवरचे सरकारी छाप पाहावेत, कारण फ्रान्समधील ही व्यवस्था विलक्षण काटेकोर आहे आणि ती वाचण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही. 1838 पासून 18 कॅरेट सोन्याच्या देशी वस्तूंवर गरुडाचे मस्तक उमटवले जाते, तर 1893 पासून परदेशातून आलेल्या सोन्यावर घुबड आणि चांदीवर हंस असतो. चांदीच्या लहान वस्तूंवर पॅरिसमध्ये रानडुकराचे मस्तक आणि इतर प्रांतांत खेकडा वापरत असत. त्यांपैकी रानडुकराचा छाप 1960 च्या दशकाच्या आरंभी बंद झाला. हे छाप टाचणीच्या डोक्याहून लहान असू शकतात, त्यामुळे टोपणाच्या कडा, क्लिपची पाठ आणि कड्यांच्या आतील बाजूही तपासावी. शेजारी पत्त्यांतील चौकटच्या चिन्हासारखी उभी आकृती आणि तिच्यात आद्याक्षरे दिसली, तर तो कारागिराचा छाप असतो. येथे नवशिके हमखास चुकतात: ती आद्याक्षरे पेन बनवणाऱ्याची नसून बहुधा धातूचे आवरण घडवणाऱ्या सोनाराची असतात. सोन्याचा नुसता मुलामा असेल, तर कारागिराचा छाप चौरस असतो आणि सोबत ‘प्लाके ऑर’ असे लिहिलेले आढळते.

निबेवर ‘18 कॅरेट’ वाचून पेन फ्रेंचच आहे असे ठरवू नये. तेथे त्याहून हलक्या सोन्याला सोने म्हणून विकण्याची मुभा दीर्घकाळ नव्हती, म्हणून परदेशी कंपन्याही त्या बाजारासाठी 18 कॅरेटच्या निबा बसवत. शिवाय निब हा पेनाचा सर्वाधिक बदलला जाणारा भाग आहे. निबेचे खांदे आणि टोपणाची आतली जागा यांचा मेळ बसतो का, हे पाहूनच तिची साक्ष ग्राह्य धरावी.

शाई भरण्याची यंत्रणा काळ सांगते. तळ फिरवल्यावर निब वर येते आणि उलट फिरवल्यावर दांडीत शिरते अशी ‘सेफ्टी’ पद्धतीची पेने फ्रान्समध्ये विशेष आवडीची होती. बाजूची तरफ जगभर वापरली गेली, त्यामुळे तिच्यावरून फारसे कळत नाही. भात्यासारखी घड्यांची रबरी पिशवी दिसली, तर स्टीलोमीनचा, विशेषतः त्यांच्या 303 या मॉडेलचा, विचार आधी करावा. काचेची शाईनळी जिफ-वॉटरमनकडे बोट दाखवते. ‘जिफ’ ही ज्यूल इझिदोर फगार या संस्थापकाची आद्याक्षरे होत.

साहित्य ओळखताना नाकाची मदत घ्यावी. अंगठ्याने घासल्यावर एबोनाइटला (गंधक घालून कडक केलेल्या रबराला) गंधकाचा आणि सेल्युलॉइड या जुन्या प्लॅस्टिकला कापराचा वास येतो. हातकामाची भारतीय एबोनाइट पेने वापरणाऱ्यांना यांतला पहिला वास परिचयाचा असेल. दुधातील केसिनपासून बनवलेले गॅलॅलिथ पाण्याने फुगते, म्हणून साहित्य कळेपर्यंत कोणतेही पेन पाण्यात बुडवू नये. तापलेल्या सुईची चाचणी तर कधीही करू नये, कारण सेल्युलॉइड भडकन पेट घेते.

आता नावाकडे वळावे. ‘पापेतरी’ या शब्दासह गावाचे नाव असेल, तर ते दुकान आहे, कारखाना नव्हे. दुकानाच्या जाहिराती फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’ या खुल्या संग्रहातील जुन्या वृत्तपत्रांत शोधाव्यात. त्यांवरून निदान काळ तरी ठरतो. निर्माता शोधायचा असेल, तर क्लिपचा आकार, टोपणाच्या चुड्या आणि दांडीवरील नक्षी यांची तुलना ओळख पटलेल्या पेनांशी करावी. एकच जुळणारी खूण पुरेशी मानू नये, कारण क्लिप आणि कडी अनेक कारखाने एकाच पुरवठादाराकडून घेत असू शकतात. चुड्यांची संख्या, आतील मळसूत्र आणि निबेखालची जीभ अशा तीन स्वतंत्र खुणा जुळल्या, तरच नोंदवहीत निर्मात्याचे नाव लिहावे, तेही ‘बहुधा’ या शब्दासह. तोपर्यंत ‘फ्रान्स, सेफ्टी, काळे एबोनाइट, आवरण चांदीचे, छाप रानडुकराचा’ एवढी नोंद आणि त्याच पेनाचे चारही बाजूंचे छायाचित्र जपून ठेवावे.