सायकलची तार तुटली? चावी हातात घेण्याआधी या चुका टाळा

आमच्या बिल्डिंगमध्ये आणि नातेवाईकांत मी "सायकलवाला" म्हणून फुकट प्रसिद्ध आहे, त्यामुळे महिन्याला एक तरी वाकडं चाक दारात येतं. तार तुटलेली (स्पोक म्हणा, तार म्हणा, दुकानात दोन्ही चालतं) असेल तर माझी काही तक्रार नाही, ते अर्ध्या तासाचं काम. पण येणाऱ्या दहातल्या आठ चाकांत तार तुटल्यानंतर मालकाने स्वतः काहीतरी "रिपेअर" केलेलं असतं, आणि माझी संध्याकाळ ते निस्तरण्यात जाते.

सगळ्यात लाडकी चूक, निपल (तारेचं रिमकडचं टोक धरणारा छोटा नट, चावीने हाच फिरवायचा) उलटा फिरवणे. मागच्या पावसाळ्यात भाच्याचा फोन आला, "मामा, एक तार तुटली होती, मी बदलली, पण चाक अजून वाकडं झालंय." म्हटलं घेऊन ये. आणलं तर चाक नव्हतं ते, तळलेला पापड होता. फ्रेममध्ये फिरेचना, दोन्हीकडे घासत होतं. झालं असं होतं की पठ्ठ्याने पाच मिनिटांचा व्हिडिओ बघितला, त्यातही तीन मिनिटं पुढे ढकलली, सायकल उलटी केली आणि "घड्याळाच्या दिशेने फिरवलं की टाइट" एवढं एकच वाक्य डोक्यात धरून सुटला. काही निपल चाकाच्या वरच्या भागात असताना फिरवले, काही खालच्या भागात असताना, आणि दोन्ही वेळी बघत होता वरूनच. आता गंमत अशी आहे की निपल वर असताना आपण त्याच्याकडे टायरच्या बाजूने बघतो, तेव्हा घड्याळाच्या दिशेने फिरवलं की तार ताणली जाते, बरोबर. पण तोच निपल खाली गेला की आपण हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, बाजूने बघत असतो, मग तीच दिशा तार सैल करते. म्हणजे ३६ तारांपैकी काही आवळल्या, काही ढिल्या केल्या, आणि जितकं वाकडं दिसेल तितकी अजून जोरात चावी.

निस्तरायला दुपारी चारला बसलो ते जेवणाची हाक आली तेव्हा उठलो. सगळे निपल तारेचे आटे जेमतेम झाकले जातील इतके सैल केले, म्हणजे सगळ्या तारा एका रेषेवर आल्या, मग व्हॉल्व्हपासून सुरू करून प्रत्येकीला अर्धा फेरा, पुन्हा व्हॉल्व्ह आला की पुन्हा अर्धा फेरा, असं करत करत चाक परत उभं केलं. भाचा शेजारी बसून मोबाईल बघत होता, मध्येच विचारतो, "मामा, एकदम दोन फेरे दिले तर लवकर होईल ना?" काय बोलणार.

माझी सवय सांगतो. ज्या निपलवर काम करायचं तो फिरवून वर आणायचा, खालच्या भागात चावी लावायचीच नाही. आणि टायर काढला असेल तर निपलच्या डोक्यावर खाच दिसते, तिथे मनात स्क्रू ड्रायव्हर लावायचा. साध्या स्क्रूसारखंच वागतं ते, उजवीकडे फिरवलं की आवळतं. एका वेळी पाव फेरा, फार तर अर्धा. मग चाक फिरवून बघा.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे त्यावर जरा जास्त बोलणार. तार तुटली म्हणून फक्त तार बदलणे.

मागच्या चाकाची उजवी, म्हणजे गिअरच्या बाजूची एक तार हबजवळच्या वाकणात तुटली. बहुतेक तिथेच तुटते. मी बदलली, आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढला, खूश. दहाबारा दिवसांनी शेजारची गेली. म्हटलं योगायोग. तीही बदलली. तिसरी गेली ती पसरणी घाटात, वाईहून पाचगणीला चढताना, कॅरिअरवर सामान, वरून ऊन, आणि "टंग" असा आवाज झाला की पोटात गोळाच येतो. उजवी तार गेली की रिम डावीकडे ओढली जाते, ती ब्रेकला घासायला लागली. ब्रेक मोकळा केला, तुटलेल्या तारेच्या दोन्ही बाजूंच्या डाव्या तारा अर्धा अर्धा फेरा सैल केल्या, तुटलेला तुकडा शेजारच्या तारेला गुंडाळला आणि पाय ओढत वाईला परत. पुढचा प्रवास टेम्पोतून, ड्रायव्हरच्या शेजारी सायकलचं पुढचं चाक मांडीवर घेऊन.

घरी येऊन शांत डोक्याने तारा बोटाने छेडून बघितल्या तेव्हा कळलं, अर्ध्या तारा वाजतच नव्हत्या, नुसत्या थपथप करत होत्या. चाकच ढिलं होतं. तार जोर पडून तुटत नाही हो, थकून थकून तुटते. बांधकामावरची तार पक्कड नसेल तर आपण कशी तोडतो, इकडून तिकडे वाकवून वाकवूनच ना? चाकात तेच होतं. जमिनीला टेकलेल्या भागातल्या तारांचा ताण दर फेऱ्याला थोडा सुटतो आणि परत येतो. तार चांगली ताणलेली असेल तर हा फरक तिला पचतो, ढिली असेल तर ती वाकणापाशी हलत राहते. ७०० सी मापाच्या चाकाचा एक फेरा साधारण २.१ मीटरचा, म्हणजे किलोमीटरला पावणेपाचशे वेळा. साताऱ्याहून वाईला जाईपर्यंत एकेक तार सोळा हजारांच्या वर हेलपाटे खाते. आणि एक तुटली की तिचा भार शेजारणींवर, त्या आधीच दमलेल्या.

म्हणून आता तार तुटलेलं चाक आलं की मी नवीन तार घालायच्या आधी बाकीच्या सगळ्या छेडतो. मागच्या चाकात उजव्या बाजूचा सूर डावीपेक्षा चढा असतो, तो तसाच हवा, पण एका बाजूच्या तारा आपसात साधारण एका सुरात पाहिजेत. मीटर बिटर नाही माझ्याकडे, कान आहे. आणि तिसरी तार तुटली की मी त्या बाजूच्या सगळ्याच तारा बदलून टाकतो. लोकांना हा खर्च वाटतो. असू दे.

लांबीचं सांगायचं राहिलं. तुटलेला तुकडा खिशात घालून दुकानात जाऊ नका, वाकण हबमध्ये राहिलेलं असतं आणि माप चुकतं. त्याच चाकाची, त्याच बाजूची धड तार काढा, वाकणाच्या आतल्या कडेपासून टोकापर्यंत मोजा. गिअरच्या सायकलला मागच्या चाकात डावी उजवी सारखी नसते, एकदोन मिलीमीटरचा फरक असतो आणि तेवढा पुरतो. लांब झाली तर टोक निपलच्या बाहेर येऊन ट्यूबमध्ये घुसतं, मग लोक रस्त्यावरचा काटा शोधत बसतात, पंक्चर आतल्या बाजूने आहे हे बघतच नाहीत. आखूड झाली तर दोनचार आट्यांवर लटकते आणि खड्ड्यात निपल तुटतो.

बाकीच्या पटापट.

सहाआठ खाचांची गोल चावी वापरू नका, निपलचे कोपरे खाते. मापाची एकच चावी घ्या.

गंजलेल्या निपलशी मारामारी करू नका. आदल्या रात्री शिलाई मशीनच्या तेलाचा एक एक थेंब, सकाळी चावी. खोबरेल नको, चिकट होऊन बसतं.

फ्रीव्हील (मागच्या चाकावरचे चेनचे दाते) छिन्नी हातोड्याने काढू नका. काढायचं टूल मिळतं, खाचांचं माप बघून घ्या. उजवी तार त्याशिवाय सहसा आत जात नाही, हे आधी धरूनच बसा.

नवीन तार आत बाहेर कशी घालायची हे आठवत नसेल तर त्याच बाजूची एक सोडून पुढची बघा. तिचं डोकं ज्या बाजूला, त्याच बाजूला नवीचं. शेवटच्या फुलीपाशी, म्हणजे तारा एकमेकींना ओलांडतात तिथे, ती दुसऱ्या तारेच्या वरून जाते की खालून, तेही तिचंच बघून करा.

आऊट बघायला स्टँड लागतो हे खोटं आहे. सायकल उलटी, ब्रेकचा रबर जवळ, किंवा डिस्कवाली असेल तर फ्रेमला एक केबल टाय बांधून त्याचं टोक रिमजवळ आणा. मिलीमीटरभर आऊट राहिला तर सोडून द्या, आपण काही टूर द फ्रान्सला निघालो नाही.

तार वारंवार गिअरच्याच बाजूची आणि वाकणापाशी ओरखडा पडून तुटत असेल तर तारांची चूक नाही, चेन मोठ्या दात्यामागे पडून तारांना कापतेय. डिरेलरचा (चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) स्क्रू नीट करा. आणि ती प्लॅस्टिकची पारदर्शक चकती, जी सगळे "गावठी दिसते" म्हणून पहिल्या आठवड्यात काढून फेकतात, ती ह्याचसाठी असते.

काम झाल्यावर तारांच्या जोड्या हातात धरून जोरात दाबायच्या, चाकभर. चावी फिरवताना तारेला जो पीळ बसलेला असतो तो कुरकुरत सुटतो. हे न करता निघालात तर पहिल्या शंभर मीटरवर टिक टिक आवाज येतो आणि मला फोन येतो. दाबून झालं की पुन्हा एकदा आऊट बघा, आणि पन्नासेक किलोमीटर झाल्यावर अजून एकदा.

माझ्या चेनस्टेला (फ्रेमची मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी) दोन उजव्या आणि एक डावी अशा तीन तारा चिकटपट्टीने बांधलेल्या असतात, निपलसकट. सध्या दोनच आहेत. एक उजवी भाच्याने नेली, "परवा देतो मामा" म्हणून, त्याला दीड महिना झाला.