घरातला सर्व्हर स्लो चालतोय? आधी हे बघा

पहिलं हे बघा की कनेक्ट व्हायलाच वेळ लागतोय की कनेक्ट झाल्यावर फाईल रडतखडत येतेय, कारण दोन्हीची दुखणी वेगळी.

कनेक्टलाच लागत असेल तर नावाऐवजी थेट आयपी (सर्व्हरचा आकड्यांतला पत्ता) टाका, लगेच उघडलं म्हणजे घोळ डीएनएसचा, म्हणजे नावावरून आयपी शोधणाऱ्या सोयीचा. एसएसएच (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) आयपी टाकूनही पासवर्ड विचारायच्या आधी ताटकळत ठेवत असेल तर, खासकरून जुन्या सर्व्हरवर, कधीकधी सर्व्हरच तुमच्या आयपीचं नाव शोधत बसलेला असतो, सर्व्हरवरच्या एसएसएचडीच्या (एसएसएच चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) कॉन्फिगमध्ये 'यूजडीएनएस नो' (UseDNS no) करून सर्व्हिस रीस्टार्ट मारा.

फाईल हळू येत असेल तर इंटरनेटची स्पीड टेस्ट करून काही उपयोग नाही हां, तो रस्ताच वेगळा. सर्व्हर आणि तुमचा कॉम्प्युटर, दोन्हीकडे आयपर्फ (iperf, नेटवर्कचा वेग मोजायचा प्रोग्राम) टाकून मोजा, आणि शक्यतो केबल लावूनच, वायफायवर नको. आकडा ९४ एमबीपीएसला अडकला तर समजा लिंक गिगाबिटऐवजी (१००० एमबीपीएस) १०० वर आलीय. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात, त्यामुळे उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली तरी नेट चालूच राहतं आणि कोणाला पत्ता लागत नाही. केबल बदला, मग पोर्ट.

आयपर्फ ९४० एमबीपीएस, म्हणजे जवळपास पूर्ण गिगाबिट दाखवतोय आणि कॉपी तरी स्लो? मग नेटवर्क सोडा, डिस्क बघा.