छोट्या इंजिनला टर्बो अपग्रेड करताय? या चुका टाळा

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या गॅसवर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र. त्याच्या अपग्रेडचं भूत डोक्यात शिरलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, कुठला टर्बो घेऊ? खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला पाहिजे. आधी इंजिन किती लिटरचं, किती आरपीएमपर्यंत फिरवणार, रोजची गाडी नक्की कुठल्या आरपीएमला चालते हे बघायचं, त्यावरून हवा किती लागेल ते काढायचं आणि मग ती हवा देणारा टर्बो शोधायचा. आपण करतो उलटं, आधी टर्बो आवडतो आणि मग तो घ्यायला कारण शोधत बसतो. मी पण हेच केलंय म्हणून बोलतोय. १.२ लिटरच्या इंजिनवर दोन लिटरच्या गाडीचा टर्बो बसवला होता, बॉनेट उघडलं की दिसायला एकदम भारी, पण ४५०० आरपीएमपर्यंत गाडी ओढायचीच नाही, जरा चढ आला की खालचा गिअर टाका. त्यापेक्षा कंपनीचा टर्बो बरा होता राव.

हॉर्सपॉवरचा आकडा बघून टर्बो घेणं

टर्बोवर "३०० हॉर्सपॉवरपर्यंत" असं लिहिलेलं असतं ना, तो आकडा टर्बो जास्तीत जास्त किती हवा ढकलू शकतो यावरून काढलेला असतो. तेवढी हवा तुमचं इंजिन पिणार आहे का हे टर्बोला काय माहीत. हिशोब अगदी सोपा आहे. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेतं, म्हणजे १.२ लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला ३६०० लिटर, त्यात सिलिंडर ९० टक्केच भरतो धरलं तर ३२४० लिटर. आता १ बार बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब), म्हणजे वातावरणाचा धरून २ बार, आणि इंटरकूलरनंतर (टर्बोत तापलेली हवा गार करणारा रेडिएटर) हवा ५० डिग्रीला असेल तर या हवेचं वजन होतं मिनिटाला साधारण ७ किलो, म्हणजे १५ पाउंडच्या वर थोडं. पेट्रोल इंजिनला ढोबळमानाने मिनिटाला १ पाउंड हवेमागे १० हॉर्सपॉवर धरतात, म्हणजे तुमचं काम दीडशेच्या आसपास. ३०० वाला टर्बो घेतला तर त्याची अर्धी ताकद कधी वापरलीच जाणार नाही, पण त्याचं जड चाक मात्र प्रत्येक वेळी फिरवावं लागणार.

दुसरं म्हणजे कॉम्प्रेसर मॅप (टर्बोचा हवा दाबणारा भाग किती दाबाला किती हवा देतो, त्याचा आलेख) बघताना लोक फक्त टॉपचा पॉइंट लावून बघतात आणि तो मधल्या चांगल्या एफिशियन्सीच्या गोलात पडला की खूश. २५००, ३५००, ४५०० आरपीएमचे पॉइंट पण लावा. मॅपच्या डाव्या बाजूची रेघ म्हणजे सर्ज लाइन, पॉइंट तिच्या पलीकडे गेला की कॉम्प्रेसर हवा धरू शकत नाही, ती उलटी मारते. पाय उचलल्यावर येणारी फडफड वेगळी (तिचे शौकीन भरपूर आहेत, असो), पण फुल रेसवर फडफड आली तर थ्रस्ट बेअरिंगवर (शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारं) हातोडे पडतायत असं समजा. उजवीकडे गेलात तर चाक नुसतं जास्त फिरतं आणि हवा तापवतं. एफिशियन्सी ७० टक्के असेल तर ३० डिग्रीची हवा १ बार बूस्टला जवळपास १२५ डिग्री होऊन बाहेर येते, ६० टक्के असेल तर १४० च्या आसपास, इंटरकूलरच्या आधी.

आणि मॅपवर बूस्ट नसतो, प्रेशर रेशो असतो, म्हणजे टर्बोतून निघणाऱ्या हवेचा दाब बाहेरच्या दाबाच्या किती पट ते. समुद्रसपाटीला १ बार बूस्ट म्हणजे रेशो २, पण १५०० मीटर उंचीवर बाहेरचा दाब ०.८५ बारच्या आसपास असतो, तिथे त्याच १ बारसाठी रेशो २.१८ होतो आणि टर्बोला जास्त जोरात फिरावं लागतं. घाट चढणाऱ्यांनी टर्बो अगदी काठावर निवडू नये.

टर्बाइनकडे बघायचंच नाही

सगळं लक्ष कॉम्प्रेसरवर आणि लॅग (रेस दाबल्यावर बूस्ट यायला लागणारा उशीर) ठरतो मागच्या टर्बाइन हाउसिंगवर, म्हणजे एक्झॉस्टच्या गॅसने फिरणाऱ्या चाकाच्या कवचावर. तिथला ए बाय आर आकडा (गॅसच्या वाटेचं क्षेत्रफळ भागिले चाकाच्या केंद्रापासूनचं अंतर) लहान असेल तर गॅस वेगाने चाकावर आदळतो, बूस्ट लवकर येतो, पण वरच्या आरपीएमला एक्झॉस्ट तुंबतो. मोठा असेल तर बरोबर उलटं. छोट्या इंजिनमध्ये मुळात गॅसच कमी, त्यामुळे शंका आली तर लहान घ्या. १९७७ मध्ये रेनॉने फॉर्म्युला वनमध्ये १.५ लिटरचं टर्बो इंजिन आणलं तेव्हा एकच मोठा टर्बो होता आणि लॅग भयंकर, १९७९ ला दोन छोटे टर्बो लावले, दर तीन सिलिंडरला एक, आणि त्याच वर्षी फ्रान्सची रेस जिंकले. एवढे इंजिनिअर असून त्यांना पण दोन वर्षं लागली!

तीन सिलिंडरवाल्यांनी ट्विन स्क्रोलच्या (टर्बाइनपर्यंत गॅस नेणाऱ्या दोन वेगळ्या वाटा) मागे लागू नका. चार सिलिंडरमध्ये दर १८० डिग्रीला एक सिलिंडर गॅस सोडतो म्हणून एकाचा गॅस दुसऱ्याच्या आड येतो, म्हणून १-४ आणि २-३ वेगळे करतात. तीन सिलिंडरमध्ये हे अंतर २४० डिग्रीचं, त्यामुळे भांडण जवळजवळ नाहीच. आणि बऱ्याच नवीन छोट्या इंजिनांत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरचा गॅस गोळा करणारा पाइप) हेडमध्येच ओतलेला असतो, तिथे वेगळा टर्बो बसवायचा म्हणजे अडॅप्टर आणि पाइपांचा नुसता पसारा. अशा गाडीला हायब्रिड टर्बो बरा, म्हणजे बाहेरून हाउसिंग कंपनीचंच, आत चाक थोडं मोठं. दिसायला काहीच वेगळं नाही, पण चालवायला मजा येते.

एक मात्र आहे, छोटा टर्बो आहे म्हणून १८०० आरपीएमला फुल बूस्ट मागू नका. डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) इंजिनांत टॉप गिअरमध्ये खालून रेस दाबली की स्पार्कच्या आधीच पेट घेण्याचा प्रकार होतो, एलएसपीआय म्हणतात त्याला, आणि त्यात पिस्टन फुटतो. २०१८ ला ऑइलचं एपीआय एसएन प्लस स्टँडर्ड आलं ते यासाठीच. ट्यूनरला सांगून खालचा टॉर्क हळूहळू चढवून घ्या.

नवीन टर्बो, आणि सायलेन्सरमधून निळा धूर

इथे सगळ्यात जास्त टर्बो विनाकारण बदनाम होतात. "सील गेलं" म्हणून टर्बो परत पाठवतात, दुसरा येतो, तो पण धूर काढतो. आतलं सील म्हणजे पिस्टन रिंगसारखी बारीक रिंग असते, रबर वगैरे काही नाही, त्यामुळे तेल साचलं की ते बाहेर येणारच. माझा धूर रिटर्न पाइपमुळे (टर्बोतलं तेल परत इंजिनात नेणारा) होता, मेकॅनिकने पाइपला मध्ये पोट ठेवलं होतं आणि टोक चेंबरच्या (इंजिनच्या तळाची तेलाची टाकी) तेलाच्या पातळीखाली जोडलं होतं. रिटर्न पाइप जाड हवा (आतून १६ मिमीच्या आसपास), सतत उतरता हवा आणि तेलाच्या पातळीच्या वर उघडायला हवा. तो ठीक असेल तर ब्रीदर (इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणारी नळी) तुंबलाय का बघा. बॉल बेअरिंग टर्बोला ऑइल इनलेटवर साधारण १ मिमीचा रिस्ट्रिक्टर (तेल कमी सोडणारं बारीक भोक) लागतो, तो विसरला तरी धूर, आणि तोच साध्या जर्नल बेअरिंगवाल्याला (गोळ्यांऐवजी तेलाच्या थरावर फिरणाऱ्या) लावला तर तेलाविना टर्बो जातो. ऑइलच्या जॉइंटला सिलिकॉन लावू नका, त्याचा तुकडा सुटून भोक बंद करतो.

बूस्ट कमी आणि स्कॅनरवर पी०२९९ कोड आला तर आधी पाइपात हवा भरून साबणाचं पाणी लावा, शंभरातल्या नव्वद वेळा क्लॅम्पच ढिला निघतो. पी०२३४ म्हणजे बूस्ट जास्त, तिथे वेस्टगेटची (जादा गॅस टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) नळी आणि वेस्टगेट अडकलाय का ते बघायचं. फ्री फ्लो एक्झॉस्ट लावल्यावर वरच्या आरपीएमला बूस्ट आपोआप चढत असेल तर वेस्टगेटचं भोक लहान पडतंय, बूस्ट कंट्रोलर फिरवून काही होणार नाही, कारण वेस्टगेटच्या स्प्रिंगपेक्षा कमी बूस्ट कंट्रोलर देऊच शकत नाही.

एका ठरावीक बूस्टला गाडी कुणीतरी स्विच बंद केल्यासारखी झटका मारते? प्रेशर सेन्सर २ बारचा असेल तर १ बार बूस्टनंतर ईसीयूला (इंजिनचा कॉम्प्युटर) पुढचं दिसतच नाही, मग तो पेट्रोल कट करतो. इंजेक्टर ८५ टक्क्यांच्या वर वेळ उघडे राहत असतील तर ते पण बदला, प्लगचा गॅप कमी करा, आणि क्लच स्लिप होणार हे धरूनच चाला.

जुना टर्बो घेत असाल तर शाफ्ट बोटाने हलवून बघा. जर्नल बेअरिंगमध्ये वर-खाली किंचित हलला तर चालतं, तेल आलं की भरून निघतं, पण पुढे-मागे हललेला हाताला जाणवला किंवा चाकाची पाती हाउसिंगला घासल्याची खूण दिसली तर कितीही स्वस्त असला तरी तिथेच ठेवून या.