उत्पादन जाहीर करण्याआधी: तंत्रज्ञान कंपनीच्या जनसंपर्काची तयारी

नवे सॉफ्टवेअर, ॲप किंवा उपकरण बाजारात आणण्याची तारीख ठरली की लगेच चर्चा सुरू होते ती पोस्टच्या मजकुराची आणि चित्रांची. माझ्या यादीत मात्र पहिले काम वेगळे आहे. जे जाहीरपणे सांगायचे आहे ते वाक्यावाक्याने सुटे लिहून काढावे आणि प्रत्येक विधानासमोर ते खरे असल्याची जबाबदारी घेणाऱ्या सहकाऱ्याचे नाव लिहावे. ‘दुप्पट वेगवान’ असे म्हणायचे असेल, तर कशापेक्षा, कोणत्या उपकरणावर, कोणत्या आवृत्तीत आणि किती चाचण्यांनंतर, हे ज्या अभियंत्याने मोजले त्यानेच अंतिम मजकूर वाचून लेखी होकार द्यावा. विपणन विभागाने तो होकार गृहीत धरू नये. ज्या विधानासमोर नाव लिहायला कोणी पुढे येत नाही, ते तिथेच खोडावे. फेब्रुवारी २०२३ मध्ये गूगलने आपल्या बार्ड या चॅटबॉटची ओळख करून देणारी जाहिरात ट्विटरवर टाकली, तेव्हा तीत जेम्स वेब दुर्बिणीने सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाचे पहिलेवहिले छायाचित्र टिपल्याचे उत्तर दिसत होते. प्रत्यक्षात तसे छायाचित्र २००४ सालीच व्हेरी लार्ज टेलिस्कोपने टिपले होते. चूक उघड झाली, तिची बातमी झाली, आणि गूगलची मूळ कंपनी अल्फाबेटचे बाजारमूल्य एका दिवसात सुमारे १०० अब्ज डॉलरने घसरले. खगोलशास्त्र जाणणाऱ्या एका माणसाने ती छोटीशी जाहिरात आधी पाहिली असती, तरी पुरे होते.

विधानांची छाननी झाल्यावरच प्रसिद्धिपत्रक लिहायला घ्यावे. उत्पादन काय करते, कोणासाठी आहे, कधीपासून, कुठे आणि कोणत्या किमतीला मिळेल, हे पहिल्या परिच्छेदातच यावे. ‘क्रांतिकारी’, ‘अभूतपूर्व’ असली विशेषणे बातमीदार सर्वात आधी काढून टाकतो, ती आपणच काढलेली बरी. संस्थापकांच्या तोंडी घातलेले अवतरण ते खरोखरच बोलतील अशा भाषेत असावे, आणि संपर्कासाठी दिलेला क्रमांक त्या दिवशी उचलला जाईल याची खात्री करावी. आधुनिक प्रसिद्धिपत्रकाची सुरुवात साधारणपणे १९०६ सालापासून मानली जाते. ॲटलांटिक सिटीजवळ झालेल्या रेल्वे अपघातानंतर जनसंपर्क सल्लागार आयव्ही ली यांनी पेनसिल्व्हेनिया रेलरोड या रेल्वे कंपनीच्या वतीने वृत्तपत्रांना अपघाताची माहिती पत्रकाद्वारे पुरवली होती. वाईट बातमी स्वतःहून आणि वेळेवर सांगणे हा या साधनाचा मूळ उपयोग होता, आणि याच यादीत पुढे त्याची गरज पडणार आहे.

पत्रकारांची यादी लांबलचक असण्यापेक्षा नेमकी असावी. यादीतल्या प्रत्येकाचे अलीकडचे लेखन वाचलेले असावे आणि आपला विषय त्याच्या कामाशी का जुळतो हे पहिल्या दोन ओळींत सांगता यावे. माहिती आधी देऊन प्रसिद्धीची वेळ पाळण्याची विनंती करायची असेल, म्हणजे एम्बार्गो ठेवायचा असेल, तर मजकूर पाठवण्यापूर्वी होकार मिळवावा. नुसते शीर्षस्थानी ‘एम्बार्गो’ लिहून पाठवलेल्या पत्रकाने समोरचा बांधला जात नाही, कारण हा दोघांमधला करार असतो. वेळ लिहिताना कोणत्या प्रमाणवेळेनुसार, हेही लिहावे. चाचणीसाठी खाते किंवा उपकरण, छापण्यायोग्य छायाचित्रे आणि तांत्रिक शंकांना उत्तर देणारा एक अभियंता, या तीन गोष्टी एम्बार्गोच्या काळातच उपलब्ध असाव्यात.

यानंतर अडचणीचे प्रश्न लिहून काढावेत, आणि हे काम उत्पादनावर प्रेम नसलेल्या सहकाऱ्याकडे सोपवावे. वापरकर्त्यांची माहिती कुठे साठवली जाते, ती कोणाला दिली जाते, सेवा बंद पडली तर ग्राहकांच्या फायलींचे काय होईल, मोफत सुविधा उद्या सशुल्क होईल का, अशा प्रत्येक प्रश्नाचे उत्तर पूर्ण वाक्यांत तयार हवे. उत्तर देता येत नसेल, तर ते का देता येत नाही हेही लिहून ठेवावे. प्रवक्त्याने ही उत्तरे मोठ्याने बोलून पाहावीत. कागदावर नीट वाटणारे वाक्य तोंडातून निघताना अडखळते, आणि हे मुलाखतीतच कळले तर उशीर झालेला असतो. कोणाला पैसे, उपकरण किंवा सवलत देऊन उत्पादनाबद्दल लिहायला सांगितले असेल, तर तसा स्पष्ट उल्लेख त्या पोस्टमध्ये असलाच पाहिजे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कंपनीच्या कर्मचाऱ्यांनीही आपल्या उत्पादनाची स्तुती करताना हे नाते उघड करायचे असते. इतर देशांतही या स्वरूपाचे नियम आहेत, तेव्हा उत्साही सहकाऱ्यांना ही सूचना आधीच लेखी द्यावी.

समाजमाध्यमांची तयारी करताना एकच मजकूर सगळीकडे चिकटवण्याचा मोह आवरावा. एक्सवरील (पूर्वीचे ट्विटर) साध्या खात्याला २८० अक्षरांची मर्यादा आहे, लिंक्डइनच्या पोस्टला ३,००० अक्षरांची. वाचकाची अपेक्षाही दोन्हीकडे वेगळी असते. लिंक शेअर केल्यावर दिसणारे चित्र साधारण १२०० बाय ६३० पिक्सेलचे असावे आणि ते मोबाइलवर प्रत्यक्ष तपासावे. चित्रांना पर्यायी मजकूर, म्हणजे चित्र न दिसणाऱ्यांसाठी त्याचे शब्दांत वर्णन, द्यावा, व्हिडिओला उपशीर्षके द्यावीत. वाचक कोणत्या पोस्टवरून आला हे कळण्यासाठी प्रत्येक लिंकला यूटीएम खुणा, म्हणजे पत्त्याच्या शेवटी स्रोत सांगणारे शब्द, जोडाव्यात आणि कोणता आकडा यशाचा मानायचा हे घोषणेआधीच ठरवावे, नाहीतर त्या दिवशी जो आकडा मोठा दिसेल तोच यश म्हणून सांगितला जातो. विकासकांसाठीचे उत्पादन असेल, तर तांत्रिक दस्तऐवज आणि चालणारी उदाहरणे हीच खरी जाहिरात असते. ती अपुरी असतील तर माझ्या मते तारीख पुढे ढकलावी, कारण हा वाचक दुसऱ्यांदा फिरकत नाही.

खात्यांची सुरक्षा हा मुद्दा यादीत हटकून राहून जातो. कोणत्या खात्याचा पासवर्ड कोणाकडे आहे, नोकरी सोडून गेलेल्यांचा प्रवेश बंद केला आहे का, आणि खाते परत मिळवण्यासाठी नोंदवलेला ईमेल व दूरध्वनी क्रमांक कोणाचा आहे, हे एका बैठकीत तपासता येते. टू-फॅक्टर पडताळणी, म्हणजे पासवर्डशिवाय ओळखीचा दुसरा पुरावा मागणे, चालू असावी आणि ती एसएमएसवर अवलंबून न ठेवता ॲप किंवा सुरक्षा-किल्लीने करावी. ९ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन या भांडवली बाजाराच्या नियामकाच्या एक्स खात्यावरून बिटकॉइन ईटीएफना (बिटकॉइनवर आधारित, शेअर बाजारात विकल्या जाणाऱ्या फंडांना) मंजुरी मिळाल्याची खोटी पोस्ट प्रसिद्ध झाली. हल्लेखोरांनी खात्याशी जोडलेला क्रमांक फसवणुकीने दुसऱ्या सिमवर वळवून ताब्यात घेतला होता, आणि टू-फॅक्टर पडताळणी आदल्या जुलैपासून बंदच होती.

सर्वात जास्त वेळ द्यावा तो वाईट दिवसाच्या तयारीला. घोषणेमुळे गर्दी वाढते आणि सेवा कोसळण्याची शक्यता नेमकी तेव्हाच जास्त असते. सेवेची स्थिती दाखवणारे स्टेटस पेज मूळ सेवेच्या सर्व्हरवर अवलंबून नसावे. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी एक आज्ञा चुकीची टाइप झाल्यामुळे ॲमेझॉनची एस३ साठवण सेवा विस्कळीत झाली, तेव्हा कंपनीचा स्थितिफलकही त्याच एस३वर अवलंबून असल्याने सुमारे दोन तास बदलता आला नाही आणि ग्राहकांना ट्विटरवरून कळवावे लागले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद पडले, तेव्हा कर्मचाऱ्यांची अंतर्गत साधनेही बंद झाली होती. यावरून दोन कामे ठरतात: स्टेटस पेज वेगळ्या ठिकाणी ठेवणे, आणि एकमेकांचे दूरध्वनी क्रमांक कंपनीच्या यंत्रणेबाहेर, गरज पडल्यास कागदावर, लिहून ठेवणे.

पहिल्या निवेदनाचा साचाही तयार असावा: काय बिघडले आहे, कोणावर परिणाम झाला आहे, काय केले जात आहे आणि पुढची माहिती किती वाजता मिळेल. कारण निश्चित होईपर्यंत कारणाबद्दल एक शब्दही त्यात नसावा, पण पुढच्या माहितीची वेळ असावीच आणि सांगण्यासारखे नवे काही नसले तरी ती पाळावी. मंजुरीसाठी दोनच माणसे नेमावीत आणि त्यांपैकी एक कोणत्याही वेळी जागी असावी. डेटा गळतीचा संशय असेल, तर निवेदनाबरोबर कायद्याचे घड्याळही सुरू होते. युरोपीय संघाच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण नियमांनुसार गळती लक्षात आल्यापासून ७२ तासांत नियामकाला कळवावे लागते, तेव्हा वकिलाचा क्रमांकही त्याच कागदावर हवा. किती मोकळेपणाने बोलावे यावर मतभेद असू शकतात. मी गिटलॅब या, विकासकांचा कोड साठवणारी सेवा देणाऱ्या कंपनीच्या बाजूचा आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिच्या एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला, बॅकअपच्या पद्धती कुचकामी ठरल्या, आणि तरीही कंपनीने दुरुस्तीचे काम यूट्यूबवर थेट दाखवले व नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवल्या.

घोषणेच्या आदल्या दिवशी ठरवून ठेवलेल्या सर्व पोस्ट एका क्लिकने थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे सर्वांना सांगावे, आणि तसे थांबवून एकदा पाहावे. पहिल्या ४८ तासांत टिप्पण्यांना उत्तरे देणाऱ्यांच्या पाळ्या नावानिशी लावाव्यात. पुन्हा पुन्हा येणारा प्रश्न त्याच दिवशी प्रश्नोत्तरांच्या पानावर जाईल आणि तक्रार अभियंत्यांच्या नोंदवहीत पोहोचेल, यासाठी प्रत्येक पाळीवर एक माणूस नेमावा.