पेट्रोलच्या सवयी डिझेलला लावू नका: या चुका टाळा

कोथरूड ते डेक्कन, फार तर हिंजवडीपर्यंत ऑफिस, आणि त्यासाठी डिझेल गाडी. पुण्यात अशी मंडळी बरीच सापडतात. ॲव्हरेज चांगलं, वापरलेली गाडी स्वस्तात मिळाली, एवढ्यावर सौदा होतो. पण आयुष्यभर पेट्रोल चालवलेला हात त्याच सवयींनी डिझेल चालवू लागतो आणि तिथून गॅरेजच्या फेऱ्या सुरू होतात.

फरक पेटवण्यात आहे. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण दाबून ते स्पार्क प्लगच्या ठिणगीनं पेटवतात. डिझेलमध्ये नुसती हवाच दाबतात, साधारण १५ ते २० पट. ती इतकी तापते की आत फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये याच तत्त्वावर चाललं, आणि खडकीच्या किर्लोस्करांची विहिरीवरची इंजिनंही याच तत्त्वावर धडधडत आली. म्हणून डिझेलला स्पार्क प्लग लागतच नाही. 'डिझेलचे प्लग बदलून टाका' असं कुणी म्हणालं, तर तो ग्लो प्लगबद्दल, म्हणजे हीटरबद्दल बोलतोय का, हे आधी विचारा. थंडीतल्या सकाळी डॅशबोर्डवरचं वेटोळ्याचं चिन्ह विझेपर्यंत थांबून मगच स्टार्टर मारायचा असतो, तो या हीटरसाठी.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र छोट्या फेऱ्यांची. एप्रिल २०२० पासूनच्या, बीएस-६ या प्रदूषण नियमांच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळायला तिथलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जावं लागतं, आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग पळावी लागते. सिग्नल ते सिग्नल रांगत ते कसं होणार? मग डॅशबोर्डवर डीपीएफचा पिवळा दिवा लागतो. नुसता दिवा लागला असेल, तर कात्रजचा बोगदा ओलांडून सातारा रस्त्याला किंवा एक्स्प्रेसवेला पंधरा-वीस मिनिटं, गिअर एक खाली ठेवून, २००० आरपीएमच्या वर स्थिर चालवा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. पण दिवा लुकलुकत असेल किंवा पिकअप गेला असेल, तर ताणू नका, वर्कशॉपला न्या.

इथेच एक छुपी गोष्ट आहे. काजळी जाळताना अनेक गाड्या जादा डिझेल फवारतात. ते काम अर्ध्यावर सोडून तुम्ही घरी पोचून चावी काढलीत, की त्यातलं थोडं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. असं वारंवार झालं की डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, ऑइलची पातळी वाढलेली दिसते. 'ऑइल कमी तर होत नाहीये ना' म्हणून खूश होऊ नका. ते पातळ झालंय, बदला. ऑइल नुसतं काळं पडलं असेल तर मात्र घाबरायचं कारण नाही, डिझेलमध्ये ते लवकर काळं होतंच. आणि 'डीपीएफ काढून देतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. ते बेकायदा आहे.

पंपावरची चूकही बहुधा एकाच दिशेनं होते. डिझेलचं नोझल जाड असतं, ते पेट्रोल गाडीच्या टाकीत सहसा बसत नाही. पेट्रोलचं मात्र डिझेल गाडीत आरामात जातं. तसं झालं तर चावी फिरवूच नका, कारण अनेक गाड्यांत नुसतं इग्निशन चालू केलं तरी पंप इंधन पुढे ढकलतो. गाडी बाजूला ढकला, टाकी रिकामी करून घ्या. 'थोडंच गेलंय, वरून डिझेल भरा' हा सल्ला जुन्या इंजिनांच्या काळातला. आजच्या कॉमन रेलचा, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून डिझेल पुरवणाऱ्या यंत्रणेचा, पंप हजार बारच्या वर दाब देतो आणि त्याला वंगण मिळतं ते डिझेलचंच. पेट्रोलनं तो कोरडा घासतो.

टाकी पार रिकामी होऊ देणं हेही पेट्रोलवाल्यांचंच धाडस. पेट्रोल गाडीत लिटरभर ओतलं की ती बहुधा निघते. डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरते आणि लोक बॅटरी बसेपर्यंत स्टार्टर मारत राहतात. फिल्टरजवळ हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. नसेल तर गाडीच्या पुस्तकात हवा काढायची पद्धत बघा.

उलटीही चूक होते. डिझेलची सवय झालेला माणूस दिवे घाटात पेट्रोल गाडी वरच्या गिअरमध्ये कुंथवत चढवतो आणि खडखड आवाज आला की पंपावर भेसळ झाली म्हणतो. आधी गिअर उतरवून बघा. आणि पेट्रोल गाडी झटके देत असताना चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला, तर 'उद्या बघू' नको. प्लग किंवा कॉइल गेली असण्याची शक्यता जास्त, आणि न जळलेलं पेट्रोल तिथून थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचं धूर शुद्ध करणारं यंत्र, जाळतं. प्लग काही शेकड्यांत येतो, कन्व्हर्टर नाही.

जुनी डिझेल बघायला जाणार असाल, तर मालकाला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. डिझेलचे दुखरे सांधे थंड इंजिनावरच कळतात. बॉनेट गरम लागलं, तर सौद्याचं बोलणं दुसऱ्या दिवशी सकाळवर ढकला.