एआय लावताय? आधी या चुका टाळा

गेल्या वर्षी भोसरीतल्या एका वर्कशॉपच्या मालकांनी मला बोलावलं. चहा येण्याआधीच म्हणाले, "आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांनी एआय लावलं. आपण काय लावू या, ते सांगा." मी विचारलं, "काम हातातून कुठे निसटतं?" ते जरा थांबले. मग म्हणाले, "कोटेशनमध्ये. ड्रॉइंग आलं की दर काढायला आम्हाला चार दिवस लागतात. तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे ऑर्डर देऊन मोकळं होतं."

खरं दुखणं हे होतं. त्यावर एआयचा उपाय चालेल की नाही, हा पुढचा प्रश्न. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, तेव्हापासून मी लहान-मध्यम उद्योगांबरोबर हेच काम करतोय. पैसे वाया गेलेले पाहिले, पण त्यात सॉफ्टवेअरचा दोष क्वचितच होता. आपलं काम कसं चालतं, हे आपणच कधी लिहून काढलेलं नसतं. जे मालकाच्या किंवा जुन्याजाणत्या माणसाच्या डोक्यात आहे, ते यंत्राला कुठून कळणार?

कामाचं नाव न ठरवता साधन घेणं

"एआय लावायचं" हे काम झालं नाही. "चौकशी आल्यापासून कोटेशन जाईपर्यंतचे चार दिवस एकावर आणायचे" हे काम झालं. असं एकच काम निवडा आणि आजची स्थिती दोन आठवडे साध्या वहीत टिपा: चौकशी कधी आली, कुणाच्या टेबलावर किती वेळ पडून राहिली, कधी गेली. ही वही नसेल तर सहा महिन्यांनी फायदा झाला की नाही, यावर नुसता वाद होतो. आणि त्या वादात ज्याचा आवाज मोठा, त्याचं खरं ठरतं.

एका वस्तूची पाच नावं

ही चूक मला सगळ्यात जास्त ठिकाणी दिसली, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

त्या वर्कशॉपच्या टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, एकच बोल्ट पाच नावांनी होता: "हेक्स बोल्ट एम १० × ५०", "बोल्ट १० एमएम हेक्स", "एम-१० बोल्ट २ इंची", "बोल्ट जुना" आणि "बोल्ट सांगलीवाले". सांगलीवाले म्हणजे पुरवठादार. पाचांचा साठा वेगळा, दर वेगळा आणि एकाचा साठा तर चक्क उणे. अशा माहितीवर एआय बसवून "या बोल्टचा शेवटचा खरेदीदर काय?" असं विचारलं, तर त्याला जे नाव जवळचं वाटेल त्याचा दर तो देतो. तो तीन वर्षांपूर्वीचा असू शकतो. उत्तर मात्र इतक्या ठाम भाषेत येतं की नवीन लागलेला मुलगा डोळे झाकून ते कोटेशनमध्ये टाकतो.

लक्षण ओळखणं सोपं आहे. तोच प्रश्न शब्द बदलून दोनदा विचारा. दर वेगळे आले तर आधी आयटम मास्टर, म्हणजे वस्तूंची मूळ यादी, उघडा; एआय विकणाऱ्याला फोन नंतर करा.

सगळा मास्टर एकदम साफ करायला गेलात तर कंटाळून सोडून द्याल. गेल्या बारा महिन्यांत ज्यांची उलाढाल झाली तेवढेच आयटम घ्या. स्टोअरचा एक आणि अकाउंट्सचा एक, असे दोघं समोरासमोर बसवा. एकट्याने हे काम होत नाही, कारण स्टोअरवाल्याला वस्तू ठाऊक असते आणि अकाउंट्सवाल्याला नाव. नावाचा क्रम ठरवा: आधी वस्तू, मग माप, मग मटेरियल, मग फिनिश. जुनी नावं फेकू नका (व्यवहार झालेला आयटम टॅली तसाही पुसू देत नाही). कोणतं जुनं नाव कोणत्या नव्या नावाचं, याची यादी ठेवा.

ही यादी फार मोलाची, कारण गिऱ्हाईक आपल्या मास्टरमधली भाषा बोलत नाही. हार्डवेअरच्या एका दुकानात व्हॉट्सॲपवर उत्तरं देणारा बॉट बसवला होता. पहिल्याच दिवशी मिस्त्रीचा मेसेज आला, "चार सूत सळई २० नग पाठवा." बॉटने सुती दोऱ्याबद्दल माहिती दिली. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, चार सूत म्हणजे अर्धा इंच, म्हणजे बारा एमएमची सळई, हे काउंटरवरच्या पोराला झोपेतही सांगता येतं. बॉटला कुणी सांगितलंच नव्हतं. काउंटरवर आठवडाभर बसून गिऱ्हाइकांचे असे शब्द टिपले, यादीत घातले आणि मग बॉट कामाचा झाला.

एकाच पाळीत शिकवलेला कॅमेरा

कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) कास्टिंग तपासायला कॅमेरा बसवला. दिवसा तो ब्लो होल, म्हणजे ओतताना हवेने पडलेली भोकं, नेमके पकडायचा. रात्रपाळीत चांगले नगही नापास करू लागला. मी रात्री जाऊन उभा राहिलो तेव्हा कारण दिसलं. शिकवताना वापरलेले सगळे फोटो दुपारचे होते, बाजूच्या खिडकीतून उजेड येत असतानाचे. रात्री ट्यूबलाइटची चकाकी तेलकट पृष्ठभागावर पडायची आणि यंत्राला ती चीर वाटायची. तोवर सुपरवायझरने गजराची वायर काढून ठेवली होती. मी त्याला दोष देत नाही. खोटे इशारे वाढले की माणसं खऱ्या इशाऱ्याकडेही बघेनाशी होतात.

कॅमेऱ्याभोवती पत्र्याची पेटी केली, आत स्वतंत्र दिवा लावला, नग पुसून ठेवायचा नियम केला आणि तिन्ही पाळ्यांचे फोटो घालून पुन्हा शिकवलं. तुमच्याकडे असा विचार असेल तर आजपासून एक करा: खराब नग भंगारात जाण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. चांगल्या नगांचे फोटो हवे तेवढे मिळतात, खराब नगांचे ऐन वेळी मिळत नाहीत.

शेवटचा शब्द यंत्राला देणं

एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितलं की, नातलगाच्या मृत्यूनिमित्तची भाडेसवलत प्रवासानंतरही मागता येते. कंपनीचा नियम तसा नव्हता. प्रकरण लवादापुढे गेलं तेव्हा कंपनीने बॉटच्या बोलण्याची जबाबदारी नाकारली. फेब्रुवारी २०२४ मध्ये निकाल कंपनीच्या विरोधात गेला आणि तिला सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर द्यावे लागले. रक्कम किरकोळ आहे, पण तुमच्या नावाने बॉट बोलला म्हणजे तुम्ही बोललात, हे त्यातून स्पष्ट झालं.

दराचं तर त्याहून नाजूक. अमेरिकेतली झिलो कंपनी संगणकाच्या अंदाजावर विसंबून घरं विकत घेत होती. अंदाज चुकले, घरं महागात पडली. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो धंदा गुंडाळायचं ठरलं आणि सुमारे एक चतुर्थांश कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या.

आपल्याकडचं साधं उदाहरण जीएसटीचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले. त्याआधीच्या मजकुरावर शिकलेलं मॉडेल जुनाच दर बिनदिक्कत सांगू शकतं. कर, दर आणि डिलिव्हरीची तारीख या तीन गोष्टी माणसाने बघितल्याशिवाय बाहेर जाता कामा नयेत.

गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग फुकटच्या खात्यात टाकणं

ड्रॉइंग तुमचं नसतं, गिऱ्हाइकाचं असतं. सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी २०२३ मध्ये कंपनीचा सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकला आणि कंपनीला अशा साधनांवर बंदी घालावी लागली. कोणती फाइल कुठे टाकायची नाही, हे अर्ध्या पानावर मराठीत लिहा आणि प्रत्येकाच्या टेबलावर लावा. ग्राहकांचे फोन नंबर, पत्ते आणि पगारपत्रकं या यादीत सगळ्यात वर. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा सुरक्षेतल्या हलगर्जीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगतो.

पहिल्याच बैठकीत माणसं कमी करण्याची भाषा

स्वीडनच्या क्लार्ना या हप्त्यांवर खरेदीची सोय देणाऱ्या कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं की, तिचा एआय सहायक ७०० माणसांइतकं काम करतो. २०२५ मध्ये तिच्याच प्रमुखांनी सेवेचा दर्जा घसरल्याचं मान्य केलं आणि ग्राहकसेवेसाठी पुन्हा माणसं घ्यायचं ठरवलं. लहान कारखान्यात याचा फटका आणखी आधी बसतो. आपली नोकरी जाणार असं वाटलं की जाणता माणूस तोंड मिटतो आणि यंत्राला शिकवायचं ते त्याच्याबरोबरच राहतं.

भोसरीत दर काढणारे काका साठी ओलांडलेले. सुरुवातीला ते माझ्याशी बोलतच नव्हते. मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं की, दर काकाच ठरवतील, तेव्हा गाडी पुढे सरकली. मास्टर साफ करायला तीन आठवडे गेले. एआयला काम दिलं एवढंच: आलेली चौकशी वाचायची, मटेरियल, माप आणि नग वेगळे काढायचे, आणि मिळतेजुळते तीन जुने जॉब काकांपुढे ठेवायचे. दर काका घालतात आणि शेजारच्या रकान्यात कारण लिहितात. कोटेशन आता बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी जातं.

परवा तो रकाना वाचत बसलो होतो. "भिंत पातळ, जॉब थरथरतो, फीड कमी धरा." "यांचं पेमेंट उशिरा येतं, सूट नको." काका तिथे पंचवीस वर्षं आहेत, आणि यातलं एकही वाक्य याआधी कुठे लिहिलेलं नव्हतं.