ब्रायर पाइपची अडकलेली नळी अशी सुटली

लक्षण: तंबाखू ओढायच्या जुन्या ब्रायर (लाकडाचा एक प्रकार) पाइपची काळी एबोनाइटची (कडक रबराची) तोंडाकडची नळी लाकडी दांड्यात घट्ट बसलेली, जराही फिरत नाही. कोरडं ओढून पाहिलं, रबरी हातमोजे घालून पाहिलं, हेअर ड्रायरची ऊबही दिली. ऊब दिल्यावर पकड उलट वाढली. फार वैताग आला होता.

आत सुकलेला तंबाखूचा चिकटा हाच इथला गोंद. त्यात गरम झालं की एबोनाइट लाकडापेक्षा जास्त फुगतं. म्हणजे उपाय थंडीचा हवा.

पाइप झिपच्या पिशवीत घालून साधारण तासभर फ्रीजरमध्ये ठेवला. बाहेर काढल्याबरोबर एका हातात दांडा धरला, वाडगा (तंबाखू भरायचा भाग) नाही. वाडग्याला पिळलं तर दांडा तडकतो. दुसऱ्या हातानं नळी सावकाश, एकाच दिशेनं फिरवली. सरळ ओढायचं नाही, डावीउजवीकडे हलवायचं तर मुळीच नाही, कारण नळीचं आत बसणारं टोक तुटून दांड्यातच राहतं. बारीक ‘कट्’ झालं आणि नळी फिरली. नसती फिरली, तर जोर न वाढवता पुन्हा फ्रीजर.

मग दांड्याचं छिद्र आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काड्यांनी, काडी पांढरी निघेपर्यंत पुसलं. बाहेरच्या पॉलिशवर अल्कोहोल सांडू देऊ नका, डाग पडतो. नळीचं टोकही पुसलं, पूर्ण वाळू दिलं आणि त्यावर मऊ पेन्सिलचं शिसं घासलं. आता नळी अलगद बसते. पाइप ओढून झाल्यावर पूर्ण गार झाल्याशिवाय ती काढू नका.